अब्बांची गादी

फजरच्या अजानला अजून अवकाश होता. पाणी प्यायला उठले तर अब्बांच्या खोलीत दिवा दिसला. दार लोटून आत पाहिलं. पलंगावर नवी कोरी गादी तशीच होती आणि अब्बा खाली फरशीवर चटई टाकून, हाताची उशी करून कुशीवर पडले होते. जागेच होते.

"अब्बा, नीचे क्यों सोये?"

"कुछ नै बेटी. गरमी हो री थी."

डिसेंबरचा महिना होता. शहाद्यात त्या दिवसांत पहाटे दात वाजतात. तिकडे सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरलेला असतो आणि तापीवरून येणारा वारा अंगात शिरतो. गरमी कुठली? मी काही बोलले नाही. पण मनातून फार वाईट वाटलं आणि रागही आला. ही गादी मी पतपेढीचं कर्ज काढून सुरतेहून आणली होती. बावीस हजारांची. लॅटेक्सची. दुकानदाराने सांगितलं होतं, रबराच्या झाडाच्या चिकापासून बनते, तीन थरांची असते, खाली कडक, मध्ये मध्यम, वर मऊ. बुजुर्गांच्या पाठीला याहून चांगली गादी नाही. आणि अब्बा तिच्यावर चार रात्रीही झोपले नाहीत.

वाचकांना वाटेल, गादीसारख्या क्षुल्लक गोष्टीवर लेख कशाला? पण माझे अब्बा पिंजारी. उभा जन्म त्यांनी लोकांच्या गाद्या भरल्या. पिंजाऱ्याच्या मुलीने बापासाठी विकतची गादी आणावी आणि त्यावर बापाला झोप येऊ नये, ही आमच्या घरात क्षुल्लक गोष्ट नव्हती.

माझ्या लहानपणचे अब्बा मला आठवतात ते खांद्यावर पिंजण घेतलेले. माणसाच्या उंचीहून लांब ते लाकडी धनुष्य, त्याला ताणून बसवलेली तात, आणि ती छेडायला डमरूच्या आकाराचा लाकडी दस्ता. दिवाळीनंतर कापूस घरात आला की ते निघायचे. प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, कधी पार मोलगीपर्यंत. गावात शिरताना तात दोनदा छेडायची, एवढीच त्यांची जाहिरात. तो आवाज ऐकून बायका ओट्यावर जुन्या गाद्या आणून टाकायच्या. मग अंगणात किंवा पडवीत दिवसभर उकिडवं बसून कापूस पिंजायचा. तातेचा थरकाप कापसात गेला की दबून दगड झालेला कापूस फुलतो, कचरा खाली झडतो आणि तंतू मोकळा होतो. संध्याकाळी अब्बा घरी यायचे तेव्हा पापण्यांवरसुद्धा पांढरा कापूस बसलेला असायचा. आम्ही भावंडं हसायचो, "अब्बा बुड्ढे हो गये!"

पुढे कापूस पिंजायची यंत्रं आली. यंत्र घेण्याइतकी पुंजी अब्बांकडे नव्हती, मग ते दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरीला गेले. पिंजण घराच्या आढ्याला टांगलं गेलं. यंत्राच्या खोलीत वारा नव्हता, धूळ मात्र भरपूर होती. कमरेचं दुखणं पिंजणाने दिलं होतं, खोकला यंत्राने दिला.

आमच्या बिरादरीत मन्सूर हल्लाजचं नाव मोठ्या अदबीने घेतलं जातं. हिजरी ३०९ म्हणजे इसवी सन ९२२ मध्ये बगदादला त्यांना सुळी दिलं गेलं. हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. त्या नावाशी नातं सांगून आमचे लोक स्वतःला मन्सूरी म्हणवतात. कुठे नद्दाफ म्हणवतात, त्याचाही अर्थ तोच. नावं मोठी आहेत, पण मोहल्ल्यात हाक यायची ती "ए पिंजारी" अशीच. आपल्यात जातपात नाही, हे आपण मिंबरवरून ऐकतो आणि ते खरंही आहे. सोयरीक जुळवताना काय होतं, तेही आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव पिंजारी होतं. बी.एड.ला प्रवेश मिळाला तो ओबीसीच्या जागेवर, म्हणजे त्याच नावाच्या पुण्याईने. मंडल आयोगानंतर मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली, दिलीपकुमारांसारखा माणूस तिच्यासाठी गावोगावच्या सभांना गेला, त्यातून आमच्यासारख्यांच्या हाती हा दाखला आला. हे सारं मला माहीत होतं. तरीही लग्नानंतर आडनाव बदललं तेव्हा मनातून बरं वाटलं होतं. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं तर मी सांगायची, "अब्बांचा कापसाचा व्यवसाय होता." वाक्य खोटं नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जिनिंगचा मालक उभा राहायचा आणि मी तो राहू द्यायची.

अम्मी २०१९ मध्ये गेली. भाऊ सुरतेला लूमवर आहे, एका खोलीत पाच माणसं राहतात. म्हणून अब्बा माझ्याकडे आले. मुलीच्या घरी राहणं त्यांना फार जड गेलं. चहाचा कप स्वतः धुवायचे. रात्री उठायचं झालं तर कोणाला हाक मारायची नाही, ही तर त्यांची जिद्दच.

मणक्याची झीज झाली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. एक म्हणाले, फळीवर झोपवा. दुसरे म्हणाले, फळी नको, गादी हवी, पण फार मऊ नको. कोणाचं ऐकावं? मी शोध घेऊ लागले. स्पेनमध्ये कमरेच्या जुन्या दुखण्याच्या ३१३ माणसांवर एक प्रयोग झाला होता आणि तो २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. गादीचा कडकपणा १ ते १० अशा मापात धरला होता, १ म्हणजे सर्वांत कडक. निम्म्या लोकांना २.३ मापाची कडक गादी दिली आणि निम्म्यांना ५.६ मापाची मध्यम. नव्वद दिवसांनंतर मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं आढळलं. म्हणजे फळीचा सल्ला सर्वांसाठी बरोबर नव्हता. हे वाचून मला धीर आला आणि मी सुरतेची गाडी पकडली.

लॅटेक्सची माहितीही तेव्हाच जमवली. केरळात रबराच्या झाडाला चीर देऊन चीक काढतात, त्याला घुसळून फेस आणतात, साच्यात ओतून वाफेवर शिजवतात. ही युक्ती इंग्लंडच्या डनलॉप कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस काढली. आपल्याकडे प्रत्येक मऊ गादीला 'डनलप' म्हणतात ते त्यावरूनच. साच्यातल्या खिळ्यांमुळे तिला आरपार छिद्रं पडतात, त्यातून हवा खेळते. चिकात हवा कमी ठेवली की थर घट्ट होतो, जास्त घातली की मऊ. एकूण काय, शिक्षिकेने परीक्षेची तयारी करावी तशी मी गादीची तयारी केली होती. फक्त ज्यांना झोपायचं होतं, त्यांनाच विचारलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी सरळ विचारलं, "अब्बा, गादी नही जमी क्या? सच बोलो."

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "गादी अच्छी है बेटी. पन मेरेकू छोडती नै."

"म्हणजे?"

"धँसता हूँ. करवट बदलने जाव तो कमर अटकती. फजरकू उठने बैठा तो हात टेकनेकू जगा नै मिलती, हातच अंदर जाता. दो दिन तेरेकू आवाज देने की नौबत आयी."

आवाज दिला नव्हता. नौबत आली होती, एवढंच. मला सगळं उमगलं. फरशीवर पाठ दुखते, पण फरशीला हात टेकून माणूस आपला आपण उठतो. अब्बांनी दुखणं पत्करलं होतं, हाक मारणं पत्करलं नव्हतं.

मी म्हणाले, परत करून येते. त्यांनी मान हलवली. "खोल इसकू."

खोळीला चेन होती. मी कचरले, उघडली तर दुकानदार परत घेईल की नाही? पण अब्बांनी स्वतःच चेन ओढली होती. आत तीन थर निघाले, प्रत्येकी दोन इंचांचे. आम्ही ते पलंगावर शेजारी शेजारी मांडले. अब्बांनी चष्मा लावला नाही. प्रत्येक थरावर आधी तळहात ठेवला, मग कोपर टेकवून अंगाचा भार हळूहळू दिला आणि काढून घेतला.

"हात झूट बोलता," ते म्हणाले. "हातकू सब नरम लगता. गादीकू कोहनी से पूछना."

मीही कोपर टेकवून पाहिलं. खरंच, जे तीन थर मला हाताला जवळजवळ सारखे वाटत होते, ते कोपराला तीन निरनिराळी उत्तरं देत होते.

मग त्या रात्री अब्बा बोलत राहिले. इतकं सलग बोलताना मी त्यांना अम्मी गेल्यापासून ऐकलं नव्हतं. गादी भरण्यापूर्वी ते गिऱ्हाइकाला काय काय विचारायचे, ते सांगत होते. वजन किती? झोपतो कसा, पाठीवर की कुशीवर? काम कसलं करतो? हमालाची गादी घट्ट भरायची, कारण त्याचं अंग जड आणि झोप गाढ. बाळंतिणीची वेगळी, तिला रात्रीतून दहा वेळा उठायचं असतं, काठ पक्का पाहिजे. म्हाताऱ्याची वर मऊ पण खाली कणखर. एकेरी गादीला आठ-दहा किलो कापूस लागतो, पण तो सगळीकडे सारखा पसरणारा पिंजारी कच्चा. कमरेच्या जागी पाव किलो जास्त घालायचा, खांद्याच्या जागी मूठभर कमी. म्हणजे कुशीवर झोपलं की खांदा जरा आत जातो आणि कमर लोंबकळत नाही. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, झोपणाऱ्याला कळतं. नंतर दाभणाने टाके घालायचे, जवळ टाके घातले की गादी कडक, लांब घातले की मऊ.

कापसाचंही तसंच. आखूड धाग्याचा देशी कापूस जाडाभरडा असतो, पण तो गादीत उसळी धरून राहतो. लांब धाग्याचा कापूस सुताला चांगला, गादीत मात्र लवकर दबतो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या खान्देशातून देशी कापूस जवळजवळ दिसेनासा झाला, त्याचं दुःख शेतकऱ्याप्रमाणे पिंजाऱ्यालाही झालं. सातपुड्यातली सावर आहे, तिचा कापूस रेशमासारखा, पण तो उशीत घालावा. गादीत घातला तर माणूस बुडतो.

"ये तेरी उप्पर की परत है ना," मऊ थरावर हात ठेवून अब्बा म्हणाले, "ये सावर है. इसकू बीच में डाल."

मी शास्त्र सांगून पाहिलं. कंपनीने विचार करूनच मऊ थर वर ठेवला असेल, असंही म्हणाले. अब्बा हसले. "कंपनीने मेरेकू देखा क्या?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीने कोणीतरी सर्वसाधारण माणूस डोळ्यांसमोर धरला होता. अब्बांचं वजन बावन्न किलो. खोकल्यामुळे ते पाठीवर झोपू शकत नाहीत, कुशीवरच झोपतात. मला आवडलेला तो स्पेनचा प्रयोगसुद्धा एवढंच सांगत होता की बहुतेकांना मध्यम बरं. माझ्या बापाचं मध्यम कोणतं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

आम्ही थर बदलले. खाली कडक, मध्ये मऊ, वर मध्यम. त्या रात्री अब्बा गादीवर झोपले आणि हात टेकून उठलेही. पण सकाळी म्हणाले, कमर अजून जरा खाली जाते. मग त्यांनी अम्मीची एक जुनी सुती चादर मागितली. ती चार पदरी करून वरच्या दोन थरांच्या मध्ये, फक्त कमरेच्या जागी घातली. कमरेचं ते पाव किलो! दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ज्यादा हो गया, चुभता है." चारचे दोन पदर केले. त्या रात्री मी दोनदा उठून पाहिलं. अब्बा झोपले होते. तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली.

सकाळी नमाज पढून आल्यावर ते स्वतःच म्हणाले, "दो परत बराबर है. हुजूर का भी दो परत काच था."

मला आठवलं. 'शमाइल-ए-तिर्मिजी'त ती रिवायत आहे. हजरत हफ्सा (रजि.) यांच्या घरी प्रेषितांचं (स.) अंथरूण म्हणजे एक जाडभरडं कापड असे, ते दुहेरी करून अंथरलं जाई. एका रात्री त्यांनी आराम मिळावा म्हणून ते चार पदरी केलं. सकाळी प्रेषितांनी (स.) विचारलं, काल काय अंथरलं होतं? समजल्यावर ते पूर्वीसारखंच दुहेरी करायला सांगितलं, कारण त्या मऊपणाने त्यांना रात्रीच्या नमाजपासून रोखलं होतं. त्यांची गादी चामड्याची आणि आत खजुराच्या झाडाची साल भरलेली होती, हेही हदीसमध्ये आलं आहे. ही रिवायत मी किताबात वाचली होती आणि साधेपणाचा धडा म्हणून वर्गात सांगितलीही होती. अब्बांनी ती गादी भरणाऱ्याच्या कानाने ऐकली होती. अंथरूण किती मऊ असावं? माणसाला विसावा देईल इतकं, आणि ज्यासाठी त्याला उठायचं आहे त्यासाठी उठू देईल इतकं. एवढं माप त्यांना पुरेसं होतं. माझं माप १ ते १० होतं.

आणि मला आणखी एक गोष्ट लागली, ती सांगते. चार पदर करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. प्रेमानेच केलं होतं. मीही बावीस हजार प्रेमानेच खर्च केले होते. पण त्या प्रेमात थोडी माझी लाजही मिसळलेली होती. अब्बांच्या हातची जुनी कापसाची गादी, मध्ये खड्डा पडलेली, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, मला माझ्या घरात नको होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दिसायला नको होती. पाठदुखीचं कारण खरं होतं, पण ते एकटं नव्हतं.

ती जुनी गादी मी भंगारवाल्याला द्यायला गच्चीत काढून ठेवली होती. त्या रविवारी ती खाली आणली. अब्बांनी उसवली. आत अजून देशी कापूस होता, वीसेक वर्षांपूर्वीचा. उन्हात घातला, मोहल्ल्यात फिरणाऱ्या यंत्रवाल्याकडून पिंजून घेतला. तो कसा फुलून वर आला! त्यातून तीन किलोची पातळ गादी अब्बांनी बसल्या बसल्या भरली. टाके मी घातले. दाभण कसं धरायचं ते विसरले नव्हते, याचं मलाच आश्चर्य वाटलं. ती पातळ गादी आता लॅटेक्सच्या वर असते. खांद्याला बोचत नाही, थंडीत ऊब देते. केरळचा चीक, खान्देशचा कापूस आणि मध्ये अम्मीची चादर, अशी अब्बांची गादी तयार झाली.

जानेवारीत आठवीच्या वर्गाला ध्वनीचा पाठ होता. तार जितकी ताणलेली तितका स्वर उंच, हे दाखवायला दरवर्षी मी रबरबँड नेते. या वर्षी अब्बांना विचारलं, पिंजण नेऊ का? ते म्हणाले, "तात टूटेली है. क्या करेगी ले जा के?" मग स्वतःच बाजारातून नायलॉनची दोरी आणून ताणून बसवली. आवाज तातेसारखा आला नाही. पण आला.

रिक्षात ते मावेना. मी ते खांद्यावर घेऊन चालत शाळेत गेले. अंतर फार नाही, दहा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांत किती जणांनी वळून पाहिलं, ते मी मोजलं, हेही कबूल करते. स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी विचारलं, "ये क्या है? कहाँ से लाया?"

मी म्हणाले, "मेरे अब्बा का है. अब्बा पिंजारी थे. गाँव गाँव फिरके गादियाँ भरते थे."

एवढंच. काही आभाळ कोसळलं नाही. त्या म्हणाल्या, "अच्छा," आणि तात छेडून पाहिली.

वर्गात मुलांनी गर्दी केली. ज्याला त्याला छेडायचं होतं. मागच्या बाकावर एक मुलगा आहे, फारसा बोलत नाही. तो पुढे आला आणि म्हणाला, "टीचर, ऐसा नै पकडते. दादा के पास था." त्याने पिंजण बरोबर धरून दाखवलं. त्याचे वडील हातगाडीवर यंत्र घेऊन गाद्या पिंजत फिरतात. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात 'बिझनेस' लिहिलेलं मी पाहिलं होतं. कोणी लिहायला सांगितलं असेल, ते मला विचारायची गरज नव्हती.

घरी येऊन अब्बांना हे सांगितलं. ते गादीवर बसले होते. "कौन का लडका?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "उसके बाप कू बोल, मुँह पे कपडा बांध के काम कर."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाजवळ निरोप दिला. धाडताना म्हटलं, "सांग, पिंजारी टीचरच्या अब्बांनी सांगितलंय."